मागे राहिलेला दगड

वहिनी सोबत येणार म्हणाली तेव्हा मी तिला तीनदा नाही म्हणालो. पहिल्यांदा उन्हाचं कारण दिलं, दुसऱ्यांदा एसटीच्या गर्दीचं, आणि तिसऱ्यांदा कारण सुचेना म्हणून चिडलो. तिनं तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि धपाट्यांचं पीठ मळायला बसली. आमच्या घरातले वाद असेच मिटतात. मी बोलून दमतो, तोवर तिचं पीठ मळून झालेलं असतं.

भानगड कागदाची होती. आदल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. आम्ही लातूरकरांनी पेढे वाटले, जणू दुसऱ्या दिवसापासून नळाला तूपच येणार होतं. तूप राहिलं बाजूला, उस्मानाबादेहून कागदांचे गठ्ठे तेवढे आले, आणि नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांना जुनं एकेक नाव तपासायची हौस आली. रेणापूरजवळ आमचं शेत आहे. त्यावर नावं दोन, ईश्वरप्पा आणि विरूपाक्ष. विरूपाक्ष म्हणजे मी. लातुरात माझं पेंड-सरकीचं दुकान आहे. ईश्वरप्पा माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा. बहात्तरच्या दुष्काळात गुरं घेऊन आम्ही दोघं पैनगंगेच्या डोंगरात गेलो होतो. मी परत आलो, अण्णा आला नाही. कारकून म्हणाला की माणूस आहे की नाही हे एकदाचं ठरवा. तिथल्या पोलीस पाटलाचा जबाब आणा आणि त्याखाली बायकोचा अंगठा घ्या.

अण्णाची बायको म्हणजे गौरम्मा, माझी वहिनी. मूलबाळ नाही. दहा वर्षं ती सकाळी उठून कुंकू लावत होती आणि गावातल्या बायका तिच्या कपाळाकडं बघून गप्प बसत होत्या. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला तर जाळत नाहीत. त्याला बसवतात, त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्या हातात ठेवतात आणि मग माती देतात. अण्णाला असं बसवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मग तो गेला असं मी कशावरून म्हणू, हा तिचा प्रश्न होता आणि त्याला आमच्या गुरूकडं, जंगमाकडंही उत्तर नव्हतं. कागदाचं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "अंगठा देते भावजी. पर तुमी तीन दिस जिथं हुडकलं, ती जागा मला आधी दावा."

मी तीन दिवस हुडकलं नव्हतं. तीन दिवस सोडा, शोधायला म्हणून मी त्या डोंगरावर एक पाऊलही टाकलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी घरी येऊन मी खोटं सांगितलं होतं, आणि ते इतक्यांदा सांगितलं की त्यातली झाडं, ओढे, कपारी मला तोंडपाठ झाल्या होत्या. वहिनी तिथं आली की हे उघडं पडणार, याची मला भीती वाटत होती. बाकी ऊन आणि एसटी ही नुसती बतावणी.

काय झालं होतं ते आधी सांगून टाकतो. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसत होता आणि कडबा संपला होता. अण्णानं सात जनावरं सोडली, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही बारा दिवस चालून पैनगंगेला पोचलो. पलीकडच्या डोंगरात वाळकं का होईना, गवत होतं. निम्मा मराठवाडा गुरं घेऊन तिकडंच निघाला होता.

नदी ओलांडली की डोंगराची वाट जिथं सुरू होते तिथं दगडांचा एक ढीग होता. त्या घाटाची रीत अशी, की वर जाणाऱ्यानं आपल्या हातानं एक दगड ढिगावर ठेवायचा आणि खाली उतरला की तोच दगड उचलून नदीत टाकायचा. वर जेवढी माणसं, ढिगाच्या माथ्यावर तेवढे दगड. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. सोबतचा उतरून गेल्यावर मागचा दगड आठ दिवस हलला नाही तर गावची माणसं त्याचं नाव घेत त्याला शोधायला वर जायची. ही मोजणी ठेवायला तिथं लक्ष्मम्मा नावाची बाई होती, भोयाची, मूळची तेलंगणाकडची. ती प्रत्येकाचं नाव विचारून घ्यायची. लोक आपापल्या दगडाला खूण करायचे. कोणी कोळशाची रेघ ओढायचं, कोणी चिंधी बांधायचं.

अण्णा आधी तयारच होईना. गळ्यात लिंग असताना दुसरा दगड कशाला पुजू, म्हणाला. लक्ष्मम्मा म्हणाली की तुला पूजा कोण करायला सांगतंय, ही नुसती मोजणी आहे. मग अण्णा हसला. त्यानं कमरेच्या पिशवीतली विभूती काढली आणि दोन्ही दगडांवर तीन-तीन पट्टे ओढले, त्याच्याही आणि माझ्याही. आता हे आपल्या घरचे झाले, म्हणाला. दोन्ही दगड दिसायला एकसारखे झाले आणि आम्हा शहाण्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती.

वर वीस-बावीस दिवस काढले. अण्णाला एक सवय होती. दिवसातून दहादा विचारायचा, जेवलास का? घरी विचारायचा, रानात विचारायचा, भांडण झालं तरी भांडण मध्येच थांबवून विचारायचा. डोंगरात पीठ संपत आलं तरी विचारायचा, आणि मग आम्ही दोघंही हसायचो. त्याला ताप भरला तेव्हा एक अर्धी भाकरी उरली होती. ती त्यानं माझ्या पंच्यात बांधली, तुला चालायचंय, तू खा म्हणाला, आणि पीठ आणायला मला खाली धाडलं. चार दिवसांत येतो म्हणून मी निघालो. उतरलो तेव्हा तहानेनं जीव चालला होता. आधी डोहाकडं धावलो, ढोरासारखं पाणी प्यालो, मग माघारी वळून ढिगावरचा विभूतीचा दगड उचलला, नदीत टाकला आणि वाटेला लागलो.

हिमायतनगरच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडली की दुपारी सुकडी मिळायची. गरम, गोड, पोटभर. दोन दिवस काम करून पीठ घेऊ असं ठरवून मी बसलो, आणि अकरा दिवस बसलो. अण्णाची आठवण येत नव्हती असं नाही. यायची. सुकडी वाटायची वेळ झाली की जायची. बाराव्या दिवशी पिठाची पिशवी खांद्यावर टाकून मी नदीच्या अलीकडच्या काठावर पोचलो. भर दुपार होती, काठावर कोणी नव्हतं, आणि पलीकडच्या डोंगरातून कोणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. आवाज अण्णाचा होता, पण इतका लांबचा, इतका पातळ झालेला मी तो कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, अण्णा मेला आणि आता मला बोलावतोय. दुपारच्या वेळी डोंगरातून आलेल्या हाकेला ओ देऊ नये असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी नदी ओलांडली नाही. पिशवी तिथंच टाकली आणि पळालो.

तर त्र्याऐंशीच्या मे महिन्यात मी आणि वहिनी निघालो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं भोकरच्या पुढं गाडीचं टायर बसलं. मला मनातून बरंच वाटलं, परत फिरायला निमित्त मिळेल म्हणून. वहिनी शांतपणे उतरली, लिंबाखाली बसली, फडकं सोडलं आणि तिनं विचारलं, "जेवलात का भावजी?" सकाळपासून आम्ही एकत्र होतो, मी जेवलो नाही हे तिला दिसत होतं. पण अण्णाची ती सवय त्याच्यामागं तिनं उचलली होती. दहा वर्षं रोज, दोन्ही वेळा, ती मला हे विचारत आली होती. धपाटं माझ्या घशाखाली उतरेना. खाई त्याला खवखवे.

हिमायतनगरात आमच्यातल्याच एका किराणावाल्याकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीकाठच्या गावात पोचलो. पोलीस पाटील किशनराव म्हणून होते, भला माणूस. त्यांनी चहा दिला, लातूरला जिल्हा झाल्याबद्दल थोडी चेष्टा केली. नदीच्या अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ, आणि माणूस हरवला त्याची चौकशी करणार लातूर, म्हणजे तुमचा भाऊ लई मोठा माणूस, म्हणाले. जबाब लिहून देतो, पण डोंगरात काय झालं ते माझ्या मनानं लिहिणार नाही. लक्ष्मम्मा अजून आहे, ती सांगेल ते ऐकून या, मी ते लिहितो. बरोबर यायला मात्र ते तयार होईनात. दुपारी आम्ही तिकडं जात नाही, म्हणाले, आणि तुम्ही गेलात तर तिथं एकमेकांना नावानं हाक मारू नका. मी कारण विचारलं तर म्हणाले, वर ऐकू जातं. 

बाहेर आल्यावर वहिनीनं विचारलं की तीन दिवस तुम्ही इथं होता तेव्हा हे कधी कानावर आलं नाही का. मी म्हणालो, अडाणी लोक आहेत, काहीही बोलतात. मला राग आला की मी दुसऱ्याला अडाणी म्हणतो, ही माझी जुनी खोड आहे.

नदीत पाणी घोट्याएवढं होतं. डोह तेवढा भरलेला, काळा, आणि त्यावर एक पानसुद्धा हलत नव्हतं. ऊन इतकं होतं की दगडांकडं बघवत नव्हतं. आमच्या पावलांचा आवाज पलीकडच्या दरडीवर आपटून परत येत होता आणि आम्ही थांबलो की तो थोडा उशिरा थांबत होता. मी मुद्दाम दोनदा उभा राहून बघितलं. दोन्ही वेळा तिकडं एक पाऊल जास्त पडलं. वहिनीनं पदर घट्ट धरला होता, तेव्हा तिलाही कळलं असावं.

ढीग होता तिथंच होता, बसलेल्या माणसाएवढा. मागची वाट गवतानं झाकून गेली होती. आता वर जायला दुसरीकडून रस्ता झालाय, या वाटेनं कोणी जात नाही, त्यामुळं माथ्यावर कोळशाचे, चिंध्यांचे असे दगड आता नव्हते. एकच दगड होता. त्यावर विभूतीचे तीन पट्टे होते. दहा पावसाळे त्यावरून गेले होते आणि पट्टे सकाळी ओढल्यासारखे पांढरे होते. वहिनीनं बोट लावलं. विभूती तिच्या बोटाला आली.

मोहाच्या झाडाखालच्या झोपडीतून लक्ष्मम्मा बाहेर आली. फार म्हातारी झाली होती, डोळ्यांवर हात धरून बघत होती. कुठलं गाव, तिनं विचारलं. मी सांगितलं. नाव विचारताना तिनं स्वतःच बोट ओठावर ठेवलं, हळू सांग म्हणून. मी तिच्या कानाशी वाकून माझं नाव सांगितलं. ती मागं सरकली. माझं मनगट तिनं दाबून बघितलं, मग खाली वाकून माझ्या पायांकडं, पायाखालच्या सावलीकडं बघितलं.

"तू खाली कवा आलास बाबा?" ती म्हणाली. "तुझा दगड तर हितंच हाय."

मी म्हणालो की माझा दगड मी स्वतः काढला, दहा वर्षांपूर्वी, या हातानं. ती नुसती मान हलवत राहिली. "त्यो तुझ्या भावाचा काढलास. थोरल्यानं नदीच्या अंगानं ठेवला हुता, तू डोंगराच्या अंगानं. मी तवा पल्याड झिऱ्यावर पानी भरून राहिले हुते. लांबून मला वाटलं, थोरलाच उतरला."

मी तहानेनं आधी डोहाकडं धावलो होतो. माघारी वळलो तेव्हा नदीकडचा दगड माझ्या हाताशी आला. दोन्हीवर तेच पट्टे होते, मी कशाला बघत बसतोय.

बाकीचं तिनं आम्हाला मोहाच्या सावलीत बसवून सांगितलं. तिच्या मोजणीप्रमाणं थोरला घरी गेला होता आणि धाकटा वर राहिला होता. आठ दिवस झाले तरी धाकट्याचा दगड हलेना, तेव्हा गावची चार माणसं वर गेली, माझं नाव घेऊन हाका मारत. आमच्या गोठणावर सात जनावरं होती, घोंगडी होती, माणूस नव्हता. तिथल्या एका गुराख्यानं सांगितलं की तापानं फणफणलेला एक उंच माणूस इथं निजून असायचा. या हाका ऐकून तो उठून बसला. माझा धाकटा खाली पोचलाच नाही, म्हणाला, वाटेत कुठं चुकला, लोक त्यालाच हुडकतायत. आणि काठी घेऊन तोही त्याच नावानं हाका मारत वरच्या रानात शिरला. चार माणसांना पुढं कुठंतरी आणखी एक हाक ऐकू यायची. ती त्या हाकेच्या मागं जायची आणि हाक आणखी पुढं जायची. तीन दिवसांनी माणसं उतरली. हाक उतरली नाही. लक्ष्मम्मा म्हणाली, रोज नाही, पण उन्हाळ्यात दुपारी असतेच.

म्हणजे बाराव्या दिवशी मी काठावर उभा होतो तेव्हा अण्णा जिवंत होता. तापात, उपाशी, माझ्यासाठी रान धुंडाळत होता. मी एक ओ दिली असती तर तो उतरून आला असता. हे मला मोहाच्या झाडाखाली बसून, चांगल्या धुतलेल्या कपड्यात, दहा वर्षांनी कळलं. 

 वहिनीनं लक्ष्मम्माला विचारलं, "मावशे, हे भावजी मागनं आले हुते न्हवं? तीन दिस वर हुडकलं न्हवं ह्यांनी?"

"कोन, ह्यो?" लक्ष्मम्मा म्हणाली. "खाली उतरल्यावर ह्यानं पुन्यांदा नदी वलांडलीच न्हाई. ह्यो वर गेला असता तर मला कळलं असतं की बाई."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ दहा वर्षं झाकलेली होती आणि आत काही नव्हतं. खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. सावल्या पायाखाली आल्या होत्या. झाडावर किरकिरणारे किडे एकाएकी थांबले, आणि लक्ष्मम्मा उठली.

जाताना ती मला म्हणाली, "आता ईल. ओ द्यायची आसंल तर आधी दगड उचल. दगड हितं आसताना ओ दिलीस तर वर जावं लागतंय." झोपडीत जाऊन तिनं दाराचा तट्ट्या ओढून घेतला.

पहिली हाक फार वरून आली. वाऱ्याचा आवाज म्हणून सोडून देता आली असती, पण वारा नव्हता. दुसरी आली तेव्हा तिच्यातलं माझं नाव कळलं. आमच्या घरात 'पा'वर जोर देऊन, शेवट लांबवून मला हाक मारतात, तशीच होती. तिसरी हाक खालच्या टप्प्यावरून आली. माझे पाय आपोआप नदीकडं वळले. खोटं कशाला सांगू, मी पुन्हा पळणार होतो.

वहिनी वाटेत उभी होती. तिनं मला अडवलं नाही, हात लावला नाही. नुसतं ढिगाकडं बघून म्हणाली, "उचला."

मी माझा दगड उचलला. त्या उन्हात तो तापलेला असायला हवा होता. तो गार होता, माठासारखा. मी काठापर्यंत गेलो आणि तो डोहात टाकला. पाणी एकदाच डुबकन वाजलं, मग पुन्हा काही नाही. मी डोंगराकडं तोंड केलं.  दहा वर्षं उशिरानं मी ओ दिली.

"ओ अण्णा! मी हितं हाय. मी घरी पोचलो."

हाका थांबल्या. इतकं शांत झालं की माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं. मग वरून बारके दगड घरंगळल्यासारखा आवाज आला. वाटेवरचं वाळलं गवत एका ठिकाणी हललं, मग त्याच्या खाली, मग आणखी खाली. दिसत काही नव्हतं. पहिल्या वळणाशी, ढिगापासून वीस-एक पावलांवर, हलणं थांबलं. आणि तिथून, हाक मारल्यासारखा नाही, ओसरीवरून सहज विचारावं तसा अण्णाचा आवाज आला.

"जेवलास का रं?"

मी उभ्याचा खाली बसलो. वहिनी वाटेकडं बघत होती. तिनं विचारलं, "काय म्हनले?" तिला हाका ऐकू आल्या होत्या, हे ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं असतं तर तेव्हाही मी काहीतरी रचून सांगू शकलो असतो. अण्णानं मला माफ केलं असं सांगितलं असतं तरी तिनं मानलं असतं.

"जेवलास का म्हणून विचारलं," मी म्हणालो.

तिचा चेहरा हलला, एकदाच. मग ती म्हणाली, "मग सांगा की त्यांना. खरं ते सांगा."

मी बसूनच सांगितलं.  हाव अण्णा, जेवलो, म्हणालो. तू दिलेली अर्धी भाकरी उतरतानाच खाल्ली. खाली जाऊन सुकडी खाल्ली, अकरा दिवस, रोज दोनदा रांगेत उभा राहून पोटभर खाल्ली. तू वर उपाशी हाईस हे मला ठाऊक होतं. बाराव्या दिवशी आलो, तुझी हाक ऐकली आणि पळून गेलो. मी कुठं चुकलो नव्हतो, अण्णा. मला हुडकू नको आता.

वळणाशी गवत पुन्हा हललं. वहिनीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती वाटेवरून बाजूला सरली, घरात मोठं माणूस जायला लागलं की बायका सरतात तशी. मी मान वर केली नाही. माझ्या अंगावरून गार झुळूक गेल्यासारखं वाटलं आणि नदीच्या उथळ पाण्यात पावलं वाजली, डोंगराकडून घराकडच्या काठाला, घाई नसलेली. मग झाडावरचे किडे परत किरकिरायला लागले.

वहिनी नदीवर गेली. पाण्यात बसून तिनं कपाळ धुतलं, बराच वेळ धुतलं. तिच्या रडण्याचा आवाज मला ऐकू येत होता आणि तिच्याजवळ जायची माझी हिंमत नव्हती. लक्ष्मम्मानं तट्ट्या सारला, ढिगाच्या रिकाम्या माथ्याकडं बघितलं आणि आपल्या कामाला लागली.

तिसऱ्या प्रहरी किशनरावांनी ओसरीवर बसून जबाब लिहिला. ईश्वरप्पा हे आपल्या धाकट्या भावास शोधण्यासाठी डोंगरात गेले व परत आले नाहीत, असं लिहून त्यांनी मला वाचून दाखवलं. मग पेन तसंच धरून त्यांनी विचारलं की त्या धाकट्या भावाचं पुढं काय झालं ते लिहायचं का. मी खाली बघत होतो.

"सापडला म्हनून लिवा," वहिनी म्हणाली. "आज सापडला." आणि तिनं अंगठा पुढं केला.

त्याला आता वर्षं झाली. शेत आहे, दुकान आहे, वहिनी आमच्यातच असते. माझं ताट तीच वाढते, भाकरी गरमच असते, कशात काही कमी करत नाही. पण त्या दिवसापासून तिनं मला जेवलात का असं एकदाही विचारलेलं नाही.